याला हिव भरलंय का?

तलत महमूदचा आवाज इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पोथीतून मान वर करून विचारलं होतं, "याला हिव भरलंय का?" आत्या तेव्हा चौदा वर्षांची. तिनं रेडिओ बंद केला नाही. आवाज बारीक केला आणि कान जाळीला लावून बसली. पुढं साठेक वर्षं ती हा प्रसंग सांगत आली, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "अण्णांना हिव ऐकू आलं. मला त्याच्या आतला ताप ऐकू आला."

अण्णांचा कान कच्चा नव्हता. देवास आमच्याकडून तासाभराच्या वाटेवर, आणि तिथल्या रजब अली खाँसाहेबांच्या तानेचे किस्से ऐकत वाढलेली ती पिढी. आवाज कमावायचा असतो, ही त्यांची श्रद्धा. पहाटे उठून खर्ज भरायचा, सूर असा लावायचा की त्यावर हात टेकून उभं राहता यावं. त्यात आयुष्य घालवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. आणि इथं लखनौचा एक पोरगा हलता सूर घेऊन थेट माजघरात शिरत होता. अण्णांना ते शिक्षण अर्धवट टाकून आल्यासारखं वाटलं असणार. तलत भातखंड्यांनी उभ्या केलेल्या लखनौच्या मॅरिस कॉलेजात रीतसर गाणं शिकला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित जास्तच राग आला असता. शिकूनही असा गातो?

पण याच अण्णांची दुसरी एक आठवण आहे आणि ती मला जास्त विचारात पाडते. पुण्याला शिकायला असताना त्यांनी 'एकच प्याला'त बालगंधर्वांची सिंधू पाहिली होती. 1919 साली बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते लिहिणारे गडकरी नुकतेच गेले होते. पुढं वर्षानुवर्षं गावोगावचे लोक त्या फाटक्या लुगड्यातल्या सिंधूसाठी रडले. अण्णाही रडले. उपरण्यानं डोळे पुसत बाहेर पडलो, हे ते स्वतःच सांगायचे, त्यात त्यांना लाज वाटत नसे.

मग तलतच्या वेळी काय झालं? मला वाटतं, बालगंधर्वांचं दुःख बाईच्या वेषात होतं. गाणारा पुरुष होता, पण हुंदका सिंधूचा होता. पुरुषानं तो ऐकून विरघळावं, याला मुभा होती. तलतनं तसा कुठलाच आडोसा घेतला नव्हता. तो पुरुषाच्याच आवाजात, स्वतःच्याच नावानं थरथरत होता. अण्णांना अवघड झालं ते इथं. बाईचं दुःख ऐकणं आणि पुरुषाचं दुःख ऐकणं, यात आमच्या घरांनी केवढा फरक करून ठेवला होता!

हा फरक फक्त आमच्याच घरांत होता असंही नाही. 1902 साली गौहर जाननं कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर तोंड नेऊन गायचं आणि आवाजाच्याच जोरावर सुईनं मेणात रेघ कोरत जायचं. हळू गाणारा उमटायचाच नाही. नाटकातही तेच, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा. 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि पहिल्यांदाच गाणाऱ्याला हळू बोलायची सोय झाली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी, रूडी व्हॅली हे मायक्रोफोनजवळ येऊन कुजबुजल्यासारखे गायला लागले. बायका त्या आवाजांवर लुब्ध झाल्या आणि वडीलधारे चिडले. 1932 साली बॉस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल यांनी या गायकांवर जाहीर टीका केली. असं गाणं पुरुषाला शोभत नाही, असाच त्यांचा रोख होता. रामबागेतले अण्णा आणि बॉस्टनचे कार्डिनल एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांची तक्रार एकच.

खरं तर तक्रार जवळिकीची होती. लांबून येणारा आवाज सगळ्यांचा असतो. कानाशी येणारा आवाज एकट्याचा. 1959च्या 'सुजाता'मध्ये सुनील दत्त टेलिफोनवर नूतनला गाणं म्हणून दाखवतो, आवाज तलतचा, चाल सचिनदेव बर्मन यांची. रिसीव्हर धरून नूतन उभी आहे. एक तोंड, एक कान, मध्ये तार. मायक्रोफोननं गाण्याचं काय केलं हे त्या एका प्रसंगात सगळं दिसतं. ती काही बोलत नाही. आपणही ऐकताना बोलत नाही.

आमच्या घरात तो आवाज यायचा तो मात्र तारेनं नाही, सिलोनहून. 1952 साली केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. सगळा देश मग शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावू लागला. मालवा हाउस, म्हणजे इंदूरचं आकाशवाणी केंद्र, 1955 साली सुरू झालं, तरी आत्याचा काटा सिलोनवरून हलला नाही. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा येतो. जवळ येतो, दूर जातो, मध्येच खरखरतो. आत्या सांगायची, "तलतचा कंप कुठला आणि लाटेचा कुठला, काही कळायचं नाही गं. मला वाटायचं, समुद्रावरून येतोय म्हणून हलतोय." पुढं कितीतरी वर्षांनी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तलतची कॅसेट आणली. स्वच्छ, खरखर नसलेली. ती ऐकून आत्या बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे तो खरंच हलत होता."

तो कंप तलतला स्वतःलाही खटकायचा. मुंबईत आल्यावर काहींनी त्याला सांगितलं होतं की तुझा गळा घाबरल्यासारखा थरथरतो, हे चालायचं नाही. त्यानं मनाला लावून घेतलं. 'आरजू' सिनेमासाठी संगीतकार अनिल विश्वास यांनी त्याला बोलावलं तेव्हा तो जपून, सूर सपाट ठेवून गायला. अनिलदा थांबले आणि म्हणाले की मला तो तुझा कंपच हवा आहे, तो कुठं गेला? ही हकीकत तलतच्या चाहत्यांत अनेक वर्षं सांगितली जाते. 1950 साली आलेलं ते गाणं, जिथं कुणीच नसेल अशा जागी मला ने म्हणणारं, पुढं तलतची ओळख झालं. कुणीतरी त्याचं उणं ऐकलं आणि म्हणालं, हेच राहू दे. मला ही गोष्ट नेहमी अनिलदांच्या बाजूनं आठवते. असं म्हणणारा माणूस आयुष्यात एकदा तरी भेटावा लागतो.

आता माझं म्हणणं सांगते, आणि हे मी बऱ्याच वर्षांच्या ऐकण्यातून म्हणते आहे. आपण या गायकांना दर्दभरे म्हणतो, पण ते रडत नाहीत. ते रडू आवरतात. ऐकू येतो तो आवरण्यातला ताण. तलतचा सूर हलतो, पण ढळत नाही. नीट ऐकाल तर कंप स्वराच्या शेपटाला येतो, जिथं श्वास संपत आलेला असतो आणि स्वर सोडायचा की धरायचा असा क्षण असतो. तिथं तो धरतो. भरलेला पाण्याचा तांब्या घेऊन चालणाऱ्या माणसाचं पाणी हलतं, सांडत नाही, आणि बघणाऱ्याचा जीव त्या पाण्यात अडकलेला असतो, तसं.

सैगलचं वेगळं. नानांचं दैवत सैगल. सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या सिनेमांची गाणी लागायची आणि शेवटचं गाणं रोज सैगलचं. नाना त्यावर घड्याळ लावायचे. ते मिलच्या टाइम ऑफिसात होते, वेळ हाच त्यांचा धंदा. सैगलनं सिनेमात येण्याआधी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली होती, टाइपरायटर विकले होते, हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्यांना विलक्षण आनंद झाला. "आपल्यातलाच आहे," म्हणाले. सैगलच्या गाण्यात ते आहेच. तो गातो असं वाटत नाही, बोलता बोलता सूर लागल्यासारखा वाटतो. 1935च्या 'देवदास'मधला त्याचा आवाज ऐका. दारूनं, प्रेमानं उद्ध्वस्त झालेला माणूस आहे, पण कुठं आक्रोश नाही. थकलेला माणूस ओट्यावर येऊन बसतो आणि काही सांगायला लागतो, तितकंच. 1947च्या जानेवारीत तो गेला तेव्हा फक्त बेचाळीस वर्षांचा होता. नाना तेव्हा सात वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच की गल्लीतला एक शिंपी त्या दिवशी मशीन बंद ठेवून दुकानाच्या पायरीवर बसला होता.

आत्याचा ओढा बायकांच्या आवाजांकडे. गीता दत्त तिला जवळची, कारण वयानं फार अंतर नव्हतं. 1947 साली 'दो भाई'मध्ये सुंदर स्वप्न सरून गेल्याचं गाणं गायली तेव्हा गीता सोळा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी सरून जायला स्वप्न तरी कितीसं असणार! पण ऐकताना शंका येत नाही. बेगम अख्तरांचा आवाज एखाद्या जागी वर जाता जाता चिरायचा. रसिक त्याला पत्ती लागणं म्हणायचे, आणि मैफलीत ती कधी लागते याची वाट पाहायचे. दुसऱ्या कुणाचा गळा असा फुटला असता तर गवयानं माफी मागितली असती. इथं दाद उठायची. लग्नानंतर काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं आणि 1949 साली त्या लखनौ रेडिओवर परत गायला लागल्या, हे आत्यानं मला सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचा आवाज जरा खाली गेला. आत्याचं लग्न झालं नाही. शाळेत शिकवून तिनं आयुष्य काढलं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण बेगमांची पत्ती लागली की ती हातातलं काम थांबवायची. तांदूळ निवडत असेल तर बोट तिथंच ताटात.

मी म्हणते ते आवरणं सगळ्यांना लागू होत नाही, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी मुलीनं मला जॉनी रे ऐकवला. अमेरिकेतला गायक, 1951 साली त्याच्या एका रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना रडण्याचीच गाणी होती आणि दोन्ही अफाट गाजली. तो मंचावर खरोखरच रडायचा, गुडघ्यांवर कोसळायचा. मला पहिल्यांदा ते जास्त वाटलं. मग मुलीनं सांगितलं की लहानपणी एका अपघातात त्याच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली होती, कानाला यंत्र लावून तो गायचा. मी गाणं पुन्हा लावलं. आता मला वेगळंच ऐकू आलं. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू न येणारा एक तरुण शब्द ताणून ताणून म्हणतोय, पोचतोय ना, याची खात्री करतोय. त्यानं आवरलं नाही, कारण त्याचं दुःख आवरण्याचं नव्हतंच, पोचण्याचं होतं. तरी माझं मन तलतकडेच परत येतं. तो माझ्या घरासारखा आहे.

इंदूरनं मराठीला दिलेला अरुण दात्यांचा आवाजही मला याच रांगेतला वाटतो. 1934 साली इथं जन्मलेले, रामूभैया दात्यांचे चिरंजीव. ज्यांची दाद मिळावी म्हणून मोठमोठे गवई झटायचे ते रामूभैया. त्या घरात दिग्गजांचे सूर कानावर पडत मोठा झालेला मुलगा टेक्स्टाइल इंजिनिअर झाला, आणि 1962 साली खळ्यांच्या चालीवर, पाडगावकरांच्या शब्दांत, सुधा मल्होत्रांबरोबर 'शुक्रतारा' गायला. त्या गाण्यात दुःख नाही. तरी त्या आवाजाला एक हळवी थरथर आहे, तलतच्या शेजारची. प्रेम सांगणारा माणूस कुठंही हक्क दाखवत नाही, विचारतो. आमच्या रामबागेत गणपतीत कुणी ना कुणी ते गायचंच, आणि गाताना मिलमधली, बँकेतली, शाळेतली ती सगळी पुरुषमंडळी एकाएकी मऊ व्हायची. एरवी घरात "चहा टाक" यापलीकडे न बोलणारे. नानाही त्यांतलेच. त्यांचा आवाज मात्र भरदार, मंडपाच्या टोकापर्यंत जाणारा. गणपतीत ते गायचे ती अभंगवाणी, छाती भरून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या शहरातल्या मिलांचे भोंगे एकामागून एक थांबले. नानांचीही मिल बंद झाली. वय एक्कावन. थकबाकी कधी मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. घरात त्यावर बोलणं झालं नाही. म्हणजे हिशेब बोलले गेले, दूध अर्धा लिटर कमी झालं, माझ्या लग्नाची बोलणी पुढं ढकलली गेली, पण त्यांना काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सकाळी सात सत्तावन्नला ते घड्याळ लावायचे, त्या घड्याळानं आता कुठंही जायचं नसताना.

संध्याकाळी ते टेपरेकॉर्डर साफ करायचे. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, झाकण उघडून आतलं हेड हलक्या हातानं पुसायचं. कापसावर तपकिरी डाग यायचा. डाग यायचा थांबेपर्यंत नवा कापूस, नवा कापूस. मग कॅसेट घालायची.

त्या दिवशी त्यांनी 'फुटपाथ'मधलं, 1953चं, उदास संध्याकाळची शपथ घालणारं तलतचं गाणं लावलं. खय्याम यांनी त्यात तबला ठेवलेला नाही. ठेका धरून चालवणारं कुणी नाही असं वाटतं, आवाज आपला एकटा पुढं सरकतो. त्यामुळं ते गाणं लागलं की घरातलं बारीकसारीक सगळं ऐकू यायला लागतं, पंख्याची करकर, बाहेरचा टेम्पो. मी दारात बसून भाजी निवडत होते. आई स्वयंपाकघरात. नाना गाण्याबरोबर गुणगुणायला लागले, जे ते कधी करत नसत. सैगल असो, तलत असो, ते ऐकायचे. गायचे ते फक्त अभंग.

दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज हलला. मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता ते खाकरतील आणि गळा साफ करतील. गणपतीत सूर जरा खरवडला तरी ते लगेच खाकरायचे. या वेळी खाकरले नाहीत. हलता आवाज तसाच पुढं नेला, तलतच्या आवाजाखाली, अर्धा सूर मागं राहून. चाळीस वर्षांपूर्वी ज्या घरात हिव भरलंय का म्हणून विचारलं गेलं होतं, त्याच घरात, त्याच खोलीत.

स्वयंपाकघरात कुकर फुसफुसायला लागला होता. पहिली शिटी कुठल्याही क्षणी होणार होती. मला गॅसच्या बटणाचा टक् असा आवाज आला. आईनं शेगडी बंद केली होती.

गाणं संपलं. नानांनी कॅसेट काढून डबीत ठेवली. आत्या देवघरातून बाहेर आली, काही न बोलता पुन्हा आत गेली. आईनं थोड्या वेळानं पानं घेतली.

वरण कच्चं होतं. नानांनी दोनदा मागून घेतलं.